एका घरात दोन कंपन्या

रंजू, परवा दुर्गचा एक दुकानदार घरी येऊन तुझा कॅमेरा बघून गेला. त्याने बॉडी उलटीपालटी केली, लेन्सवर फुंकर मारली, बॅटरीचं झाकण उघडून आत बोट फिरवलं आणि म्हणाला, "बहुत संभाल के रखा है." मी म्हटलं, ठेवणारच. आज संध्याकाळी तो उत्तर घ्यायला येणार आहे. मी हो म्हटलं तर तुझा कॅमेरा, तुझ्या लेन्स, तुझे चार्जर सगळं घेऊन जाईल आणि बदल्यात माझ्या कंपनीचा दुसरा कॅमेरा देईल. तुला जाऊन अजून महिनाही झालेला नाही.

कल्पना तुझ्या दादाची. जलदानाचा विधी झाला, पाहुणे गोंदिया-भंडाऱ्याकडे परतले आणि दुसऱ्याच दिवशी फर्स्ट शिफ्ट करून आल्यावर चहा पिता पिता तो म्हणाला, "मी का म्हणतो, रंजूचा कॅमेरा देऊन टाक. तुह्या कंपनीचा एक घे. एकाची बॅटरी दुसऱ्याले लागन, लेन्स लागन. तूच तं बोलत होती एवढे वर्षं." खरं आहे, मीच बोलत होते. माझंच वाक्य होतं ते. पण त्याच्या तोंडून ऐकलं आणि मला इतका राग आला की मी कप तसाच खाली ठेवला आणि मागच्या अंगणात जाऊन उगाच कपडे काढत बसले. ते अजून ओलेच होते.

आपलं भांडण भिलाईतल्या सगळ्या मरोद्याला ठाऊक होतं. नणंद आणि भावजय, राहतात एका क्वार्टरमध्ये, जातात एका स्कूटीवर, दोघी लग्नाचे फोटो काढतात, आणि कॅमेरे मात्र दोन वेगळ्या कंपन्यांचे. तुझा पिवळ्या पट्ट्याचा, माझा लाल पट्ट्याचा. त्यामुळे तुझी बॅटरी मला लागत नव्हती आणि माझी लेन्स तुला. लोक हसायचे. आई हसायची नाही, तिला वाटायचं आपण खरंच भांडतो.

सुरुवात तूच केली होतीस, हे मी आजही सोडणार नाही. माझ्या लग्नात, मी गोंदियाहून नवीन आले तेव्हा, तू कुणाचा तरी कॅमेरा मागून आणला होतास आणि मला म्हणाली होतीस, "वहिनी, रडू नको, नाकाची लाली फोटोत येते." पुढे तुझा स्वतःचा आला, पिवळ्या पट्ट्याचा. वर्षभर मी तुझ्यामागे लाइटचा दांडा धरून फिरले. मग सेक्टरमधले एक जुने स्टुडिओवाले काका दुकान बंद करून गावी निघाले आणि त्यांचा कॅमेरा मी घेतला, लाल पट्ट्याचा. तू दारातच विचारलंस, "कावून घेतला हा? आपल्या कंपनीचा थांबून घेता आला नसता?" मी म्हटलं, तुझा विकून या कंपनीचा घे, दोघींचं सामान एकमेकींना लागेल. तू म्हणालीस, मी पहिली. मी म्हटलं, मी मोठी. तिथपासून जे सुरू झालं ते परवापरवापर्यंत.

तुला आठवतं, आपल्या बॅटऱ्या शेजारी ठेवल्या तर बाहेरून अगदी सारख्या दिसायच्या. काळ्या, तेवढ्याच जाड. फक्त खाच वेगळ्या बाजूला. तू पहिल्याच आठवड्यात माझी बॅटरी तुझ्या कॅमेऱ्यात बसते का ते बघायला जोर लावलास आणि ती अर्ध्यात अडकली. तुझ्या दादाने स्टील प्लांटमधून आल्या आल्या, बूटही न काढता, आईच्या केसांच्या पिनेने ती बाहेर काढली. "दोघी शहाण्या," एवढंच म्हणाला.

पण मग तू चंगच बांधलास. काय काय दोन्हीकडे लागतं ते शोधायचं, आणि जे लागतं ते दोघींच्या मिळून एका थैलीत ठेवायचं. ट्रायपॉड लागतो, कार्ड लागतं. फ्लॅश तुझ्या कंपनीचा माझ्यावर लागतो, पण मधली एकच पिन काम करते, मग उजेड किती टाकायचा ते आपणच ठरवायचं. "बरंच आहे," तू म्हणालीस, "आपोआपवाल्यानं माणूस आळशी होते." लाइटच्या मोठ्या बॅटऱ्या लागतात. माझी लेन्स तुझ्या कॅमेऱ्यावर चढवायची एक रिंगसुद्धा तू मागवलीस. तिच्याने जवळचं तेवढं स्पष्ट यायचं, लांबचं सगळं धुक्यात. दुसरी कुणी असती तर परत पाठवली असती. तू आईला अंगणात वड्या घालायला बसवलंस आणि तिचा तो फोटो काढलास, तिच्या बोटांना लागलेली डाळ दिसते आणि मागचं आख्खं क्वार्टर गायब. मी म्हटलं, मागचं गेलं. तू म्हणालीस, "तिथं पाह्यासारखं होतं का? पाण्याची टाकी?" तो फोटो अजून भिंतीवर आहे. घरात आलेला प्रत्येक माणूस पहिल्यांदा त्याच्याकडेच बघतो, आणि तुला सांगायचं राहिलं, मला त्याचा फार अभिमान वाटतो. लेन्स माझी होती तरी फोटो तुझा आहे.

मरोद्याच्या विहारात कॅमेरा घेऊन उभी राहिलेली पहिली मुलगी तू. मंगल परिणयाला तू पांढऱ्या साडीखाली पळायचे बूट घालायचीस. लोक विचारायचे, फोटोवाला कुठे आहे, आणि तू म्हणायचीस, "आला आहे, तुम्ही सरका." आपल्या लग्नात फोटोवाल्याला फुरसत मिळत नाही हे तूच मला शिकवलंस. तिकडे हिंदू लग्नात सात फेरे असतात, एक सुटला तर पुढचा धरता येतो. इथे वंदना, पंचशील, प्रतिज्ञा, एकदाच हार, आणि फुलं पडेपर्यंत लोक जेवायच्या रांगेकडे बघायला लागतात. त्यात कॅमेरा बंद पडला तर लग्नच गेलं. म्हणून तू आदल्या दिवसापासून बॅटऱ्या चार्ज करत बसायचीस, आणि मीही.

आणि म्हणूनच त्या थैल्यांची गंमत झाली. आईने एकाच जुन्या पडद्याच्या कापडातून दोघींना बॅटरीच्या थैल्या शिवून दिल्या. तेच निळं फूल, तीच नाडी. एक नणंदेची, एक भावजयीची, दुजाभाव नको म्हणून अगदी एकसारख्या. आईच्या मनाला किती छान वाटलं असेल. त्या दिवशी तुझं जामुलला लग्नाचं काम होतं, सिमेंट कारखान्याच्या कॉलनीत, आणि माझा रसमड्याच्या एका कारखान्यात निरोपसमारंभ. तू लाइटची बॅग घेऊन बसने गेलीस, मी स्कूटी घेतली. तिथे पोचून थैली उघडते तर आत सगळ्या तुझ्या बॅटऱ्या. भरलेल्या, चकचकीत, आणि माझ्या काही कामाच्या नाहीत.

मी तुला फोन लावला. तू उचललास आणि मी काही बोलायच्या आधीच म्हणालीस, "माहीत आहे. मी बी तेच पाहून राहिली."

 तिथे व्हिडिओवाला देवांगन भैया होता, जामुलचाच, आणि त्याच्या हातात माझ्याच कंपनीचा कॅमेरा. मी त्याला एक बॅटरी मागितली. तो सरळ म्हणाला, "बुरा मत मानना दीदी, बैटरी हम लोग किसी को नहीं देते." तेव्हा भिलाईत तशीच रीत होती. दिलेली बॅटरी परत येताना तीच येईल याची खात्री नाही, आणि समोरचा उद्या आपलंच काम घेणार. मला त्याचं चूक वाटलं नाही, मीही दिली नसती. मी तुला तेच सांगितलं. तू म्हणालीस, "फोन दे त्याले."

तू त्याला काय म्हणालीस ते मी बाजूला उभी राहून ऐकलं. तू विनवणी केली नाहीस, रडगाणंही लावलं नाहीस. तू म्हणालीस, "भैया, हमारे घर में दोनों कंपनी का सामान है. आज आप इसको दे दो. कल आपका अटके, आपके किसी भाई-बंद का अटके, किसी भी कंपनी का हो, मरोदा आ जाना. खाली हाथ नहीं जाएगा." देवांगन भैयाने माझ्या कॅमेऱ्याकडे बघितलं. मग कंबरेच्या पिशवीतून बॅटरी काढून माझ्या हातावर ठेवली आणि फोनवर म्हणाला, "ठीक है दीदी, याद रखना."

तुझं काय झालं ते मला दुसऱ्या दिवशी जामुलच्या लोकांकडून कळलं. तुझ्याकडे लाइटची मोठी बॅटरी होती आणि ती खोटी बॅटरी, तुझ्याच बॅटरीच्या आकाराची, जिला वायर असते. ती तू कॅमेऱ्यात बसवलीस, वायर बाहेर काढून मोठ्या बॅटरीला जोडलीस, आणि ती विटेएवढी बॅटरी ओढणीने कंबरेला बांधून आख्खं लग्न काढलंस. नवरदेवाच्या आजोबांना काळजी वाटली. "पोरी, करंट लागन नं?" तू म्हणालीस, "लागला तं नवरदेवाले लागन, बाबा, तुमाले नाई." प्रतिज्ञेच्या फोटोत नवरदेव इतका मनापासून हसताना दुसऱ्या कुठल्याच लग्नात मी बघितलेला नाही, आणि त्याचं कारण हे आहे.

त्या रात्री घरी आल्यावर मला वाटलं आता तरी तू मानशील. मी म्हटलं, "पाह्यलं? एकच कंपनी असती तं थैली बदलली काय अन् नाही बदलली काय. काही फरक पडला नसता." तू पाय पाण्यात घालून बसली होतीस. "अन् एकच कंपनी असती तं त्या भैयाले मी का सांगितलं असतं?" आई दोघींकडे बघत होती. मग तिने सुई-दोरा घेतला आणि माझ्या थैलीला एक बटण लावलं.

तू त्या दिवशी जे बोललीस ते अडचणीत सुचलेलं होतं, मला माहीत आहे. पण तू ते पाळलंस. पहिल्यांदा देवांगन भैयाचाच कुणी ओळखीचा आला, मग पावर हाऊसकडचा एक, मग चरोद्याचा. कुणाचा चार्जर जळलेला, कुणाची बॅटरी फुगलेली. आपल्या बरामद्यात तू एक लांब बोर्ड लावलास, एका बाजूला तुझ्या कंपनीचे चार्जर, एका बाजूला माझ्या. आलेल्या माणसाला आई आधी पाणी द्यायची आणि मग विचारायची, "पिवळा का लाल?" हळूहळू लग्नातसुद्धा फोटोवाले एकमेकांना देऊ लागले. आता नवीन मुलं येतात त्यांना वाटतं हे असंच होतं पहिल्यापासून. मी सांगत नाही त्यांना. सांगायला लागले की रडू येतं, आणि मला कामाच्या ठिकाणी रडायला आवडत नाही. तुझा मला केवढा अभिमान वाटतो, रंजू. तू असताना मी हे एकदाही तोंडाने बोलले नाही, कारण बोलले असते तर तू भांडण जिंकल्याचं धरलं असतंस.

शेवटचं भांडण दवाखान्यात झालं, दुपारी, भेटायच्या वेळेत. तू कुणाचा तरी नवा कॅमेरा मोबाइलवर बघितला होतास. मला जवळ बोलावून म्हणालीस, "पाह्य वहिनी, आता कॅमेरे मोबाइलच्याच वायरीवर चार्ज होऊन राहिले. तुह्या कंपनीचा बी, माह्या कंपनीचा बी. एकच वायर. मी म्हणत होती नं, एक दिवस सगळं सगळ्याले लागन." मी म्हटलं, "वायर एक झाली. बॅटरी कुठं एक झाली? खाच अजून तिथंच आहे." तू उठून बसायला लागलीस, एवढं तुला पटलं नाही. बोट वर करून काहीतरी सांगणार, तेवढ्यात नर्स आली आणि मला बाहेर काढलं. दारातून मी बघितलं तेव्हाही बोट वरच होतं. तू काय सांगणार होतीस ते मी किती दिवस शोधते आहे. दुसऱ्या दिवशी तुला बोलायचं त्राण नव्हतं आणि मी विचारलं नाही.

काल पल्लवीचं लग्न झालं. आपल्याच लाइनीतली पल्लवी, जिचा पहिला वाढदिवस तू काढला होतास. तिने तुला दवाखान्यात फोन केला होता तेव्हा तू तिला म्हणाली होतीस, "हाराचे फोटो माह्येच. मी उठून आली तं मी येईन, नाही तं माहा कॅमेरा येईन." ते तिने मला सांगितलं, रडत. म्हणून मी दोन्ही घेऊन गेले. एका खांद्यावर लाल, एका खांद्यावर पिवळा. दुकानदाराने कॅमेरा बघितल्याचं मी पल्लवीला सांगितलं नाही. मनात होतं की हे एक काम तुझ्या कॅमेऱ्याचं शेवटचं, मग देऊन टाकू. एकटी बाई दोन कंपन्या कशाला पोसणार?

वंदना आणि प्रतिज्ञा मी माझ्यावर काढली. हारासाठी तुझा उचलला. तुझ्या कंपनीचा झूम माझ्यापेक्षा उलट्या बाजूला फिरतो. मी जवळ आणायला जाते आणि नवरा-नवरी लांब पळतात. पल्लवी हार हातात घेऊन माझ्याकडे बघते आहे, म्हणजे तुझ्या कॅमेऱ्याकडे, आणि मी चुकीच्या बाजूला हात फिरवते आहे. कसंबसं जमवलं, आणि कॅमेऱ्याचा पडदा काळा झाला. आदल्या दिवशी मी तुझ्या सगळ्या बॅटऱ्या चार्ज केल्या होत्या, भरलेल्या दिसत होत्या. पण एवढे महिने तुझ्याबरोबर त्याही पडून होत्या. दुसरी घातली, तीही तशीच.

माझा कॅमेरा खांद्यावर होता. त्याने हार काढता आले असते. कुणाला काही कळलं नसतं, पल्लवीलाही नाही. माझा हात लालकडे गेला होता, खरं सांगते.

व्हिडिओला देवांगन भैया होता. त्याने आपला कॅमेरा स्टँडवर चालू सोडला, तीन पावलांत माझ्याजवळ आला आणि हातात बॅटरी दिली. "ये लगा लो दीदी." मी बघितलं तर खाच तुझ्या कंपनीची. घातली, चालू झाली. बौद्धाचार्यांनी पल्लवीला खूण केली, तिने हार वर उचलला, आणि या वेळी माझा हात बरोबर बाजूला फिरला. फोटो चांगला आला आहे. तुझ्याइतका नाही, पण पल्लवीचे डोळे त्यात आहेत, आणि ती जिच्याकडे बघते आहे ती तू आहेस.

जेवणाच्या वेळी मी भैयाला विचारलं, "आपकी तो लाल है. ये पीली वाली आपके पास कैसे?" तो लाजला. ताटातला भात इकडून तिकडे करत म्हणाला, "रंजू दीदी अस्पताल गईं, तब से रखता हूँ. मेरे तो किसी काम की नहीं. पर मैंने सोचा, दीदी ठीक होकर आएँगी, पहला काम करेंगी, और इतने दिन पड़ी हुई बैटरी उसी दिन धोखा देगी. तो एक भरी हुई रहे." मी म्हटलं, "और जब वो नहीं रहीं?" तो म्हणाला, "आदत हो गई थी. चार्ज करके ही निकलता हूँ."

 आम्ही दोघं जेवलो.

ज्या माणसाने एकदा स्वतःच्या कंपनीची बॅटरी मला द्यायला नाही म्हटलं होतं, तो तुझ्यासाठी दुसऱ्या कंपनीची भरलेली बॅटरी कंबरेला बांधून भिलाईभर फिरत होता. हे तू केलंस. तुझ्या दादाला मी घरी येऊन सांगितलं तेव्हा तो उठून बाथरूममध्ये गेला आणि बराच वेळ नळ चालू होता. आईने मला एवढंच विचारलं, "आता का करतं? इकाचं असन तं इक, मी आडवी नाही येत. पण आज सांग. मले तिचे चार्जर बंद ठेवून त्यायच्यावर कापड टाकवत नाही."

मी नाही विकत, रंजू. आत्ता दुकानदाराला फोन करून सांगितलं, येऊ नका. त्याला वाटलं मला जास्त पाहिजे. तुझा पिवळा राहील, माझा लाल राहील, बरामद्यातला बोर्ड राहील. तुझ्यासाठी नवीन बॅटऱ्या घ्यायच्या आहेत, त्या घेईन. उलट्या बाजूला फिरणारा झूम शिकीन, या वयात.

याचा अर्थ मी मानलं असा लावू नकोस. एका घरात एकच कंपनी असावी, माझं आजही तेच म्हणणं आहे, आणि मी ते म्हणतच राहणार. फक्त समोरून उत्तर द्यायला आता तू नाहीस. तेव्हा तुझी बाजूही मलाच मांडावी लागेल. मी ती नीट मांडीन, बोट वर करून, एक शब्द कमी न करता. आणि मला दिसतंय, दोन्हीकडून मीच बोलले तरी हरणार मीच आहे.